अनुभव धागा : मोबाईलवरच्या गटात खरंच काय शिकलो, काय शिकवलं?

मार्च 2020मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास व्हॉट्सॲपवर आला. शाळा पुन्हा भरल्या, गट मात्र राहिले. नाशिककरांनो, ‘छान उपयोग होतो’ एवढंच नको. काय केलंत, ते सविस्तर लिहा.

शिक्षिका, सुरगाणा तालुका
माझ्या पहिलीतल्या मुलांची घरची बोली कोकणा. वर्गात ती गप्प बसतात. म्हणून मी गटावर एक चित्र टाकते, बैलजोडी, नाहीतर भाताची लावणी, आणि त्यावर घरच्या बोलीत बोलून आवाज पाठवायला सांगते. पाड्यावर रेंज जेमतेम, व्हिडिओ अडकतो. आवाजाची फाईल लहान, ती जाते. दुसऱ्या दिवशी तेच आवाज वर्गात ऐकवते. त्यातले शब्द फळ्यावर एका बाजूला, मराठी शब्द दुसऱ्या बाजूला. स्वतःचा आवाज ऐकला की मूल बोलायला लागतंच.
छाटणीच्या हंगामात आईवडील निफाड-दिंडोरीला द्राक्षबागांवर जातात, फोनही त्यांच्याबरोबर जातो. त्यामुळे ‘आज संध्याकाळपर्यंत पाठवा’ असं मी कधीच लिहीत नाही. चार दिवसांनी आलेला आवाजही तितक्याच मानानं ऐकवते.

पालक, सिडको
आमच्या शाळेच्या गटात ‘ओके मॅडम’च्या ढिगाऱ्यात गृहपाठ सापडत नसे. आता फक्त ॲडमिन लिहू शकतात. पण नववी-दहावीच्या मुलींचे नंबर सगळ्या गटाला दिसतात, हे मला अजिबात पटत नाही. पालकांचेच नंबर घ्यावेत.

मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी, सातपूर
कंपनीत शिफ्ट असते, त्यामुळे यूट्यूबवरची व्याख्यानं रात्री ऐकतो. ऐकताना सगळं समजलंसं वाटतं, कागदावर उतरत नाही. म्हणून आम्ही काही जण रविवारी एकेक उत्तर हातानं लिहून फोटो टाकतो आणि एकमेकांचं तपासतो. माझा खरा अभ्यास तोच.

विज्ञान शिक्षक, पिंपळगाव बसवंत
बुरशीचा धडा आला की मुलांकडून घरच्या द्राक्षबागेतल्या पानांचे फोटो मागवतो, दोन्ही बाजूंचे. डाऊनी आणि भुरी हे द्राक्षाच्या पानांवरचे दोन रोग. डाऊनीची पांढरी वाढ पानाच्या खालच्या बाजूला दिसते, भुरी बहुधा वर पिठासारखी पसरते. कुठला फोटो कशाचा, यावर मुलं गटात वाद घालतात आणि अडलं की वडिलांना विचारून येतात. मी निकाल लगेच देत नाही. कांद्याच्या पातीवर कुणी असं काही करून घेतलं असेल, तर इथे जरूर लिहा. माझ्या वर्गात कांदेवाल्यांची मुलंही आहेत.