जीन्स मांडीशी विरते, ठिगळाच्या कडेलाच पुन्हा फाटते

निळीदोरी
जीन्स आतल्या मांडीला, आसनाच्या (दोन्ही पाय मिळतात त्या) जोडाखाली चार बोटांवर विरली आहे. एका पायाला नखाएवढं भोक. आतून जाड डेनिमचं चौकोनी ठिगळ लावून चारही बाजूंनी बारीक टीप मारली होती. पाच-सहा धुण्यांत ठिगळ शाबूत, पण टिपेला लागून जीन्सच फसकली. मशीन साधं, सरळ टिपेचं. झिगझॅग नाही, रिव्हर्सही नाही. कापड थोडं ताणणारं आहे. चुकतंय कुठे?

उभाआडवा
भोक मोजून ठिगळ कापलं की त्याची कड विरलेल्या कापडावरच येते, आणि तिथे बारीक टीप म्हणजे ओळीने पाडलेली भोकं. जीन्स उलटी करून हातावर चढवा, उजेडासमोर धरा. जिथून उजेड झिरपतो तो सगळा भाग खडूने आखा. भोक नखाएवढं असलं तरी हा भाग बहुधा तळहाताएवढा निघतो. त्या रेषेच्या बाहेर चोहोबाजूंनी 2 ते 2.5 सेंमी सोडून ठिगळ कापा, म्हणजे कड धड कापडावर बसेल. कोपरे गोल करा. कड दुमडू नका. दुमडीचा उंचवटा घासतो आणि त्यावरचं कापड आधी झिजतं.

ठिगळ जीन्सपेक्षा जाड कधीच नको. जुनं, धुऊन मऊ झालेलं कापड उत्तम. कोरं असेल तर आधी धुऊन आटवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. ताणणाऱ्या जीन्सला ठिगळही ताणणारंच, आणि त्याचा ताण जीन्सच्या ताणाच्याच दिशेने ठेवा.

टाकेबाज
वरचं सगळं बरोबर. टिपांची दिशा मात्र राहिली, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

विरलेली जागा जवळून पाहा. निळे उभे दोरे गेलेले असतात आणि पांढरे आडवे दोरे शिडीच्या पायऱ्यांसारखे उरतात. डेनिमच्या विणीत निळा उभा दोरा वर येतो, त्यामुळे घासणं तोच सोसतो. गेलेला दोरा भरून काढायचा, म्हणून टिपा उभ्याच घाला. लवचिक दोरा बहुतेक जीन्सना आडवा असतो, तेव्हा उभ्या टिपांनी ताण अडत नाही. ते पांढरे दोरे कापून टाकू नका, टिपांना आधार त्यांचाच.

आधी ठिगळ कच्च्या टाक्यांनी बसवा, टाचण्यांवर भागवू नका. जीन्सची 14 नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा, टाका 2.5 मिमी. ओळीच्या टोकाला सुई कापडात ठेवून फूट (मशीनचा कापड दाबून धरणारा भाग) उचला, कापड फिरवा, दोन टाके आडवे, पुन्हा फिरवून परत या. रिव्हर्सची गरजच पडत नाही. ओळींत 3 ते 4 मिमी अंतर, भोकाजवळ 1.5. ओळी एकाच रेषेवर संपवू नका, एक लांब, एक आखूड ठेवा. सगळ्या एका रेषेत संपल्या की पुढची फाट नेमकी तिथून सुरू होते.

निळीदोरी
आसनाच्या जोडावर सुई मोडते. आणि जीन्सच्या पायात मशीनची थाळी (सुईखालचा सपाट भाग) शिरत नाही. इस्त्रीने चिकटणारी पट्टी लावली तर?

टाकेबाज
पायाच्या तोंडातून जाऊ नका. जीन्स उलटी करून चेन उघडा आणि कमरेच्या बाजूने कापड फुटाखाली सरकवा. जोडाजवळचा भाग तिथून सहज येतो. चार जोड मिळतात त्या गाठीवर मशीन नेऊच नका. 4 मिमी अलीकडे वळा आणि उरलेला भाग हाताने उलट टाक्यांनी शिवा. मोडलेल्या सुईचे तुकडे मात्र मोजून काढा, टोक कापडात राहतं.

उभाआडवा
पट्टीने भोक झाकतं, पण गोंदाने कापड कडक होतं आणि वाकताना त्या कडेलाच तुटतं. शिवाय कडक इस्त्रीने लवचिक दोरा मरतो.

दुसरा पाय अजून फाटलेला नाही ना? त्यालाही आत्ताच आतून ठिगळ लावून ओळी घाला. भोक नसताना सगळे आडवे दोरे जागेवर असतात, काम निम्म्या वेळात होतं आणि बाहेरून जवळपास दिसत नाही. दोरा जीन्सच्या मूळ रंगाचा नको, विरलेल्या जागेच्या फिक्या निळ्याशी जुळवा.