प्रति: समुद्रतळाची मोजणी जीपीएसनं का होत नाही?

दादा, तुम्ही विचारलंत, धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, मोजणी जीपीएसनं होते, मग समुद्रतळाची का नाही? जीपीएसच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात खोल जातच नाहीत. तिथं आवाजच कामी पडतो, सेकंदाला साधारण १५०० मीटर. जहाज जीपीएसनं आपली जागा ठरवतं, तळावरच्या यंत्रांना ध्वनी पाठवतं आणि उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं. खरी अडचण पाण्याची: तापमान, क्षार, दाब बदलला की आवाजाचा वेग बदलतो, आणि तळ किती सरकला हे मोजायचं असतं सेंटीमीटरमध्ये! आमच्या यवतमाळकडच्या काळ्या मातीतल्या उन्हाळी भेगा निदान डोळ्यांना दिसतात. २०११च्या भूकंपात जपानजवळचा समुद्रतळ एका ठिकाणी तब्बल २४ मीटर सरकला, ते या आवाजामुळेच कळलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.