मदत हवी आहे: आमदार म्हणाले "प्रश्न लिहून द्या". विधानसभेचा प्रश्न लिहितात कसा?

गटाचीताई

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका गावात बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांचं काम बघणारी गावातलीच कार्यकर्ती आहे. तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही.

आमच्या गावातल्या १४ बायकांचं संजय गांधी निराधारचं अनुदान पाच महिन्यांपासून बंद आहे. बहुतेक विधवा आहेत, दोघी नवऱ्यानं टाकलेल्या. महिन्याला १,५०० रुपये. पूर्वी तहसीलमधून बँकेकडे यादी जायची आणि पैसे जमा व्हायचे. डीबीटी (आधार जोडलेल्या खात्यात वरून थेट पैसे) आलं आणि घोळ सुरू झाला. तहसीलवाले म्हणतात आधार बँकेला जोडलेलं नाही. बँकवाले मशीनवर बघून सांगतात जोडलेलं आहे, वरूनच पैसे आले नाहीत. तलाठीभाऊ दोन्हीकडे हात दाखवतात. शेजारच्या मावशी पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून चार वेळा तालुक्याला जाऊन आल्या. एसटीचं तिकीट अर्धं झालंय खरं, पण रोज बुडतो त्याचं काय?

मागच्या आठवड्यात सप्ताहाच्या काल्याला आमदारसाहेब आले होते. मी गर्दीत घुसून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, नागपूरचं अधिवेशन येतंय. नीट प्रश्न तयार करून पीएकडे द्या, मी लावतो." मी रात्री बसून हे लिहिलं:

"आमच्या तालुक्यातील गोरगरीब निराधार महिलांवर होणाऱ्या घोर अन्यायाकडे झोपलेल्या सरकारचे लक्ष कधी जाणार? २१ हजारांची जाचक उत्पन्न मर्यादा कधी वाढवणार? दोषी अधिकाऱ्यांना निलंबित करणार का?"

पीए वाचून हसले. म्हणाले, "ताई, हे भाषण झालं. प्रश्न आणा." कुणाला माहिती असेल तर सांगा. आणि याचा खरंच उपयोग होतो का, तेही.

जुना_पीए

ताई, नऊ वर्षं एका आमदारांकडे हेच काम केलंय. पीए हसले ते बरोबर, पण सांगून हसायला हवं होतं.

"झोपलेलं सरकार", "घोर अन्याय" असले शब्द विधानमंडळाचं सचिवालय आधी कापतं. टोमणा, आरोप, मंत्र्यांचं मत विचारणं, कोर्टात चालू असलेली बाब, यातलं काहीही असलं की प्रश्न अडतो. साचा ठरलेला आहे. वर लिहायचं: "सन्माननीय सामाजिक न्याय व विशेष सहाय्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-" आणि खाली भाग पाडायचे. अमुक घडलं हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळले. असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. विधानमंडळाची कुठलीही प्रश्नोत्तरांची यादी उघडा, पानंच्या पानं या चार वाक्यांवर चाललेली दिसतील.

तारांकित म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. सगळ्यांना तारांकितच हवा असतो, पण प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यात मोजकेच प्रश्न होतात. आमदार २८८. तुमचा नंबर लागला नाही तरी छापील उत्तर मिळतं, म्हणून तारांकित द्यायला हरकत नाही. मात्र तोंडी येईल या आशेवर राहू नका. आणि प्रश्नांची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते. पीएला आजच तारीख विचारा, बाकी सगळं नंतर.

सबघोडेबाराटक्के

वेळ घालवू नका. उत्तर आत्ताच लिहून देतो: "(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." आमच्या गावच्या पुलाचं हेच आलं होतं. पूल नव्हताच तिथे, तरी.

टपालकारकून

मी एका जिल्ह्याच्या कलेक्टर ऑफिसात आहे, कुठल्या ते विचारू नका. वरच्या साहेबांचं म्हणणं खोटं नाही, पण "हे खरे नाही" कुठून येतं ते सांगतो.

प्रश्न विधानमंडळातून मंत्रालयात विभागाकडे जातो. विभाग कलेक्टरकडून माहिती मागवतो, कलेक्टर तहसीलदाराकडून. तहसीलदार कुणाला सांगणार? संगांयोच्या, म्हणजे संजय गांधी योजनेच्या टेबलाला. म्हणजे ताई, मावशींना चार वेळा परत पाठवणारा माणूसच तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला खर्डा लिहिणार आहे. "एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आलाय" म्हटलं की ऑफिसात जेवणाचे डबे तसेच राहतात. वर लाल शाईत "विधानमंडळ कामकाज, अतितात्काळ". संध्याकाळपर्यंत माहिती पाहिजे असते, रात्री व्हॉट्सॲपवर दहादा आठवण येते. अशा वेळी माणूस कागदावर जे विचारलंय तेवढ्यालाच उत्तर देतो.

तुम्ही विचारलंत, "तालुक्यातील निराधार महिलांना अनुदान मिळत नाही, हे खरे आहे काय?" त्या बाबाकडे यादी आहे. समजा तीन हजार लाभार्थी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना मिळतंय. तो लिहितो, "हे खरे नाही." खोटं लिहिलं का? नाही. तुमच्या १४ जणी त्या वाक्यातून गळून गेल्या, बस. मनात थोडी भीती असेल तर तो "हे अंशतः खरे आहे" लिहितो. त्याच्यावर कधी कुणाची नोकरी गेलेली नाही.

तेच जर विचारलंत, किती लाभार्थ्यांचं अनुदान किती महिन्यांपासून जमा झालेलं नाही, प्रत्येक प्रकरणात कारण काय, तर "खरे आहे, खरे नाही" चालत नाही. तक्ता भरावा लागतो. तक्ता भरताना एकेक नाव उघडावं लागतं, आणि उघडलं की निम्मी प्रकरणं तिथेच सुटतात, कारण "आधार मॅच नाही" असं वर कळवण्यापेक्षा मॅच करून टाकणं सोपं असतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सबघोडेबाराटक्के

बरं, हे मला पुलाच्या वेळी कुणी सांगितलं नाही.

आकडेमोड

ताई, २१ हजारांचा मुद्दा या प्रश्नातून बाहेर काढा. तो महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे, उलट तो जास्त मोठा आहे म्हणून. थकलेले पैसे ही अंमलबजावणीची तक्रार, उत्पन्न मर्यादा हे धोरण. दोन्ही एकाच प्रश्नात घातले की "मर्यादा वाढविण्याची बाब विचाराधीन आहे" एवढं एक गोड वाक्य येतं आणि पाच महिने त्याखाली दडपले जातात.

मर्यादेसाठी हिशोब देतो, साहेबांना भाषणात वापरू द्या. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. रोहयोचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एखादी बाई ६८ दिवस मातीकामावर गेली की २१,२१६ रुपये होतात आणि ती "निराधार" राहत नाही. त्या वर्षी केंद्राची हमी होती १०० दिवसांची! म्हणजे सरकारनं आपला शब्द पूर्ण पाळला तर आपल्याच दुसऱ्या योजनेतून ती बाई बाद. बायका उत्पन्नाचा दाखला कसा आणतात ते सगळ्यांना माहीत आहे, तलाठ्यालाही.

यासाठी अशासकीय (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेला) ठराव, अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या विभागाच्या खर्चाच्या मागणीवर कपात सूचना (रक्कम कमी करा असं सुचवून तक्रार मांडणं), नाहीतर विधानसभेच्या नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना. लक्षवेधीत मंत्र्यांना निवेदन करावं लागतं, वर्तमानपत्रातही येतं. कधी कधी आमदाराच्या कागदातून कायदाही निघतो. गर्भलिंग चाचणीवरचा महाराष्ट्राचा १९८८ चा कायदा आठवा, त्याआधी समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांनी अशासकीय विधेयक मांडलं होतं. पण ती लांबची वाट आहे. मावशींना आधी पाच महिन्यांचे ७,५०० मिळू देत.

गटाचीताई

सगळ्यांचे आभार. टपालकारकून दादा, तुमचं वाचून आधी राग आला, मग हसू. त्या टेबलावरच्या भाऊंना मी दर महिन्याला बघते. वाईट माणूस नाही, पण मान वर करत नाही.

नवीन खर्डा:

"सन्माननीय सामाजिक न्याय व विशेष सहाय्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-
(१) (आमचं गाव, तालुका, जिल्हा) येथील संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या १४ महिला लाभार्थ्यांचे अनुदान मागील पाच महिन्यांपासून बँक खात्यात जमा झालेले नाही, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, सदर तालुक्यात डीबीटी प्रणालीमुळे अनुदान प्रलंबित असलेल्या लाभार्थ्यांची संख्या, प्रलंबित महिने व प्रत्येक प्रकरणातील कारण काय आहे,
(३) असल्यास, थकीत अनुदानासह रक्कम कोणत्या दिनांकापर्यंत जमा करण्यात येणार आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?"

बायकांची नावं आणि आधार नंबर जोडू का?

जुना_पीए

नावं, आधार, खाते क्रमांक काही नको. उत्तर छापलं जातं, कुणीही वाचतं. यादी वेगळी करून कलेक्टरांकडे पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात द्या आणि पोच घ्या. पोचेचा दिनांक (१) मध्ये घाला: "याबाबत जिल्हाधिकाऱ्यांकडे अमुक दिनांकास निवेदन देण्यात आले आहे". मग "तक्रार प्राप्त नाही" म्हणता येत नाही. हाताशी वेळ असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार टाका, तीस दिवसांत तालुक्याचा आकडा मिळतो. आकडा आधी हातात असला की उपप्रश्नाला साहेबांचा आवाजच वेगळा लागतो.

(३) फार चांगला आहे, तो कुणाला काढू देऊ नका. मंत्र्यांनी तारीख दिली किंवा "कार्यवाही करण्यात येईल" म्हटलं, की ते आश्वासन झालं. त्यासाठी विधानसभेची आश्वासन समिती आहे, ती विभागाला विचारत राहते. "तपासून पाहू" हे बोलायला सोपं आहे, पण सभागृहात बोललं की त्याचीही नोंद होते. आमच्या साहेबांनी एका आश्रमशाळेच्या पाण्याच्या टाकीचा असाच तीन अधिवेशनं पिच्छा पुरवला होता. टाकी झाली. गळते, पण झाली.

गटाचीताई

आज पीएंना दिलं. मुदत संपायला सहा दिवस आहेत म्हणाले, वाचलो. शेजारच्या दोन आमदारांची नावंही सोबत घालणार आहेत. हसले नाहीत या वेळी. फक्त (१) मधून गावाचं नाव आणि १४ हा आकडा काढून "तालुक्यातील अनेक महिला" असं केलं. म्हणाले, एका गावाचा प्रश्न सभागृहाला फार छोटा वाटतो, स्वीकारत नाहीत. राहू देऊ का तसं?

टपालकारकून

नका राहू देऊ! "अनेक" वाचून आमचा माणूस खूश होईल. अनेक म्हणजे किती? हे खरे नाही.

जुना_पीए

पीएंचंही चुकत नाही, अगदी एका गावापुरता प्रश्न अडू शकतो. दोघांचं राखा. लिहा: "तालुक्यातील (तुमचं गाव) या गावातील १४ महिलांसह अनेक लाभार्थ्यांचे". 'सह' या अक्षरांवर महाराष्ट्राची निम्मी कागदपत्रं चालतात.

गटाचीताई

फोन केला. "सह" चाललं. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "नागपूरला मला यावं लागेल का गं? पासबुक घेऊन?"