शब्दचर्चा: बफर, बफरिंग आणि खोळंबा

प्रश्न

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. इनपुट स्ट्रीममधून, म्हणजे प्रोग्रॅमकडे ओघाने येणाऱ्या माहितीतून, बाइट वाचणं आणि ते बफर करणं, म्हणजे स्मृतीत तात्पुरते ठेवणं, हे प्रकरण आलं आणि तिथेच अडले. ‘बफरिंग’ हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांना आधीपासून माहीत आहे, पण नेमका उलट्या अर्थाने. व्हिडिओ मधेच थांबला आणि गोल चक्र फिरू लागलं की ते म्हणतात, ‘बफर होतंय’. त्यांच्या लेखी बफरिंग म्हणजे अडकणं. आणि मी सांगते की वाचन वेगाने व्हावं म्हणून बफर लावा. एका मुलीने सरळ विचारलं, “मॅडम, अडकायला बफर कशाला लावायचा?” तिला उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही.

तेव्हा जाणकारांना विचारते. बफरला मराठीत काय म्हणावं? स्ट्रीमला ‘प्रवाह’ पुरेसा आहे का? आणि रीडसाठी ‘वाचणे’ हेच क्रियापद ठेवावं का?

प्रतिसाद

तुमच्या विद्यार्थिनीने मुद्द्यावरच बोट ठेवलंय. पडद्यावर ‘बफरिंग’ असं लिहून येतं खरं, पण व्हिडिओ थांबतो तो बफर रिकामा झाल्यामुळे, आणि चक्र फिरत असताना तो पुन्हा भरला जात असतो. पाहणाऱ्याला भरणं दिसत नाही, थांबणं दिसतं. म्हणून भरण्याचं नाव थांबण्याला चिकटलं.

त्या थांबण्याला मराठीत नेमका शब्द आहे: खोळंबा. आणि तो तुमच्या याच प्रकरणात पुढे लागणार आहे. नेटवर्ककडून किंवा कीबोर्डकडून बाइट मागितले आणि अजून काही आलेलंच नसलं, तर रीडची हाक परत येत नाही. प्रोग्रॅम तिथेच खोळंबतो. याला इंग्रजीत ब्लॉकिंग म्हणतात. त्यासाठी ‘अवरोधी’सारखे शब्द घडवलेले दिसतात, मला ते पटत नाहीत. अवरोध म्हटलं की कुणीतरी वाट अडवली आहे असं वाटतं. इथे वाट मोकळीच असते, यायचं ते आलेलं नसतं. ‘खोळंबणारं वाचन’ आणि ‘न खोळंबणारं वाचन’ म्हणा, मुलांना व्याख्या द्यावी लागणार नाही.

आता बफर. स्मृतीतल्या त्या जागेला बफरच म्हणावं, यात मला शंका नाही. पण बफर काय करतो हे सांगताना आवकीला एक क्रिया आणि जावकीला दुसरी, असे दोन शब्द वापरावेत. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द असल्यामुळे हा फरक झाकला जातो.

आवकीकडे बफर करतो ती बेगमी. प्रोग्रॅमने एकच बाइट मागितला, तरी ‘पुढचेही लागणारच’ असं धरून बरेचसे आधीच आणून ठेवले जातात. जावा भाषेतल्या बफर्डइनपुटस्ट्रीमची ठरावीक बेगमी ८१९२ बाइटांची असते. ती नसेल, तर फाइलमधून एकेक बाइट घेताना प्रत्येक बाइटासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला वेगळी हाक जाते, म्हणजे ८१९२ बाइटांसाठी ८१९२ हाका. बेगमी असेल तर एका हाकेत काम भागतं आणि बाकीचे बाइट हाताशीच मिळतात. हाक मारणं हीच इथली महाग गोष्ट. वेग येतो तो फेऱ्या वाचल्यामुळे. बाइट काही अधिक वेगाने धावत नाहीत.

जावकीकडे उलट. तिथे थोडं थोडं लिहिलेलं साचवायचं आणि एकगठ्ठा पाठवायचं. यात बेगमी कसलीच नाही, कारण पुढे काय येणार याचा अंदाज बांधलेला नसतो. ही साचवण.

आवक-जावक हे शब्द मी सहज वापरले, पण ते इनपुट-आउटपुटपेक्षा मला खरोखर अधिक उपयोगी वाटतात. नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो की फाइलमधून माहिती बाहेर काढायची, तर मग तिला इनपुट स्ट्रीम का म्हणायचं? दिशा कुणाच्या बाजूने मोजायची हे इनपुट या शब्दात दिसत नाही. आवक-जावक नोंदवही मात्र ज्याच्या टेबलावर असते त्याच्याच बाजूने बोलते. कागद दुसऱ्या खात्यातून बाहेर पडला असेल, माझ्याकडे तो आवक. प्रोग्रॅम टेबलाशी बसला आहे असं समजलं की फाइल, कीबोर्ड, नेटवर्क काहीही असो, त्याच्याकडे येणारं ते आवक. ‘आवक प्रवाह’ आणि ‘जावक प्रवाह’ म्हणून पाहा. प्रवाह हा शब्द चांगलाच आहे. एकदा पुढे गेलेलं आपोआप मागे येत नाही, हे त्यात आहे.

‘वाचणे’विषयी माझी तक्रार आहे. पुस्तकाचं पान वाचलं तरी ते पुस्तकात राहतं. आवक प्रवाहातून वाचलेला बाइट प्रवाहात उरत नाही, पुढच्या वाचनाला त्याच्यानंतरचा मिळतो. (खूण करून तिथवर परत येण्याची सोय काही प्रवाहांत असते, पण ती बेगमीच्या जोरावर; मागे जायचं असेल तर मागचं कुणीतरी धरून ठेवलेलं असावं लागतं.) म्हणून शिकवताना मी ‘बाइट घेणे’ म्हणतो. घेणं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: किती घेतले? आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्या तिथेच.

उदाहरण देतो. २५०० बाइटांची फाइल आहे आणि तुमच्याकडे १०२४ बाइट ओळीने ठेवता येतील असा अ‍ॅरे. पहिल्या खेपेला १०२४ आले, दुसऱ्या खेपेला १०२४, तिसऱ्या खेपेला उरलेले ४५२. रीड हा आकडा परत करतं. तो न पाहता प्रत्येक वेळी अख्खा अ‍ॅरे लिहून टाकला, तर नवी फाइल ३०७२ बाइटांची होते. शेवटचे ५७२ बाइट दुसऱ्या खेपेचे असतात, अ‍ॅरेमध्ये तसेच पडून राहिलेले. मी त्यांना शिळे बाइट म्हणतो. अ‍ॅरेची लांबी ही मागणी, परत आलेला आकडा ही आवक. मागणी आणि आवक सारखी असेलच असं कुणी वचन दिलेलं नाही. नेटवर्कवर तर मधल्या खेपांनाही कमी मिळतं, आणि ती चूक धरायची नाही. मागणीइतकं मिळेपर्यंत थांबायचंच असेल तर त्याची वेगळी सोय आहे. जावात रीडफुली आणि रीडएनबाइट्स त्यासाठीच आहेत.

जाता जाता: ‘संपला’ आणि ‘सध्या काही नाही’ हे वेगळे ठेवा. किती बाइट न खोळंबता मिळतील हे जावात अव्हेलेबल सांगतं; त्याने शून्य सांगितलं म्हणजे प्रवाह संपला असं होत नाही, पुढचं घ्यायला कदाचित खोळंबावं लागेल एवढंच. संपल्याची खबर रीड उणे १ देऊन देतं. एकच बाइट घेणारं रीड बाइट परत न करता इंट (मोठा पूर्णांक) का परत करतं, हेही त्यातच आलं: ० ते २५५ या सगळ्या किमती खऱ्या बाइटांसाठी लागतात, आणि जावाचा बाइट प्रकार उणे १२८ ते १२७ असा असल्यामुळे त्यात २५५ आणि उणे १ एकच दिसले असते. सी भाषेत एकेक बाइट घेणाऱ्या गेटकॅरचं उत्तर कॅर या एका बाइटाच्या प्रकारात साठवणाऱ्यांना हा फटका बसतो. कुठे फाइल मधेच संपल्यासारखी वाटते, कुठे लूप संपतच नाही.

प्रतिसाद

मी मुद्रितशोधन करते, प्रोग्रॅमिंग नाही, त्यामुळे शब्दाच्या अंगाबद्दलच बोलते.

बाइट की बाईट? अकारान्त शब्दाचं उपान्त्य दीर्घ हा नियम लावला तर ‘बाईट’, आणि सामान्यरूपात ऱ्हस्व होऊन ‘बाइटांचा’, ‘बाइटाला’. गरीब–गरिबाला याच चालीवर. व्यवहारात दोन्ही दिसतात. एकाच टिपणात दोन्ही नकोत, एवढा माझा आग्रह. लिंग पुल्लिंगी ठेवा: एक बाइट आला, दोन बाइट आले. वृत्तवाहिन्यांवर ‘बाइट घेतली’ असं स्त्रीलिंगी ऐकू येतं, पण तो शब्द वेगळा, उद्गाराचा तुकडा या अर्थाचा. ‘बाइट घेणे’ हा वरचा प्रयोग पत्रकारिता शिकणाऱ्याला भलताच वाटेल, इतकं लक्षात असू द्या.

गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ घासात आहे. आयबीएमच्या स्ट्रेच संगणकाच्या आखणीत वर्नर बुखहोल्त्स यांनी १९५६ मध्ये बाइट हा शब्द काढला आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम बदललं, म्हणजे लिहिताना एखादं अक्षर गळून त्याचा ‘बिट’ (० किंवा १ एवढाच तुकडा) होऊ नये. मशीन एका वेळी जेवढा घास घेईल तेवढा तो बाइट. तो आठच बिटांचा असेल असं सुरुवातीला ठरलेलं नव्हतं. म्हणून नेटवर्कच्या काटेकोर दस्तऐवजांत ‘ऑक्टेट’ लिहितात, फ्रेंचांनी तर रोजच्या वापरातही तोच घेतला. आपल्याकडे अष्टक हा शब्द तयार आहे, नेमके आठ सांगायचे असतील तिथे तो शोभेल.

प्रतिसाद

आवक, बेगमी, खोळंबा हे सगळं वाचायला गोड आहे, पण मुलांना शेवटी कोड लिहायचं आहे. तिथे बफर आणि स्ट्रीमच असणार. दोन-दोन शब्द पाठ करायला लावून काय साधणार? मी मराठी माध्यमात शिकलो. अकरावीत गेल्यावर प्रत्येक संज्ञा पुन्हा इंग्रजीत शिकावी लागली, ते वर्ष अजून आठवतं.

प्रतिसाद

तुमचा त्रास खरा आहे आणि तो कुणाला पुन्हा होऊ नये, म्हणूनच बफरला बफरच म्हणावं असं मी वर म्हटलं. बफर, स्ट्रीम, बाइट, अ‍ॅरे ही नामं; ती बदलू नका, ‘आवक प्रवाह’ फक्त समजावताना म्हणा. मी सुचवतो आहे ती वाक्यातली क्रिया. ‘बफर बेगमी करतो’, ‘प्रोग्रॅम खोळंबला’, ‘आवक कमी झाली’. यात पाठ करण्यासारखं काही नाही, हे शब्द त्यांच्याकडे घरचेच आहेत. परीक्षेत ते लिहू नयेत हवं तर. डोक्यात मात्र असावेत.

मूळ विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात आवक-जावक वापरून पाहिलं. फाइलमधून बाहेर काढतो तरी इनपुट का, हा दर वर्षी येणारा प्रश्न यंदा आला नाही. ज्या मुलीने ‘अडकायला बफर कशाला’ विचारलं होतं, तिनेच सांगितलं, “म्हणजे व्हिडिओची बेगमी संपली की खोळंबा होतो.” मला एवढंच हवं होतं.

आता फ्लश, म्हणजे बफरमध्ये साचलेलं पुढे पाठवणं. मी ‘बफर रिकामा करणे’ लिहिलं होतं. एका विद्यार्थ्याला वाटलं की त्यातला मजकूर फेकून दिला जातो. ‘निचरा’ कसा वाटतो?

प्रतिसाद

निचऱ्यातही तोच दोष आहे, नको ते वाहून जाण्याचा. जावक आहे तर त्याच टेबलावरचा शब्द घ्या: रवाना करणे. साचवलेलं टपाल गठ्ठा पूर्ण व्हायची वाट न पाहता आहे तेवढं रवाना केलं, की फ्लश झालं. जावात प्रोग्रॅमने फ्लश किंवा क्लोज न करता काम आवरलं तर साचवणीतला शेवटचा भाग टेबलावरच राहतो, आणि फाइलचं शेपूट तुटलेलं दिसतं. सी मध्ये पडद्यावर छापताना सहसा ओळ पुरी झाली की रवानगी होते. तेच आउटपुट फाइलकडे वळवलं तर बफर भरेपर्यंत साचत राहतं. म्हणून प्रोग्रॅम मधेच कोसळला की पडद्यावर दिसल्या असत्या त्या शेवटच्या ओळी फाइलमध्ये नसतात.

आणि रवाना हा शब्द आणखी एका कारणासाठी बरा. रवाना झालं म्हणजे पोचलं असं आपण मराठीत कधीच म्हणत नाही. फ्लशने बाइट प्रोग्रॅमच्या बफरमधून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जातात. डिस्कवर पक्के उतरले याची खात्री हवी असेल तर एफसिंकसारखी वेगळी हाक लागते.

एक गोष्ट तुमच्या टिपणांत जरूर घाला, कारण ती मराठी लिहिणाऱ्यांना हमखास चावते. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. एकट्या ‘क्षि’चे १२. बफर मात्र सहसा ४०९६, ८१९२ असे २ च्या घातांचे असतात, आणि २ च्या कोणत्याही घाताला ३ ने नि:शेष भाग जात नाही. म्हणजे सलग देवनागरी मजकूर असेल तर पहिल्या भरलेल्या बफरच्या काठावर चिन्ह चिरणारच. मी एकदा मोठ्या मराठी फाइलचा प्रत्येक तुकडा घेतला की लगेच त्याची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, बनवत होतो. शंभरेक ओळी स्वच्छ, मग एक अक्षर फुटलेलं, पुन्हा सगळं स्वच्छ. दोन दिवस फॉन्टला दोष दिला. फुटलेल्या जागांमधलं अंतर मोजलं तेव्हा कुठे उलगडलं.

बाइटांच्या पातळीवर अक्षर नावाची गोष्ट नसते. अर्धवट राहिलेले बाइट पुढच्या खेपेपर्यंत धरून ठेवणारं कुणीतरी मधे लागतं. जावात ते काम इनपुटस्ट्रीमरीडर करतो.

वर्गात दाखवायचं असेल तर नुसता ‘म’ २७३१ वेळा लिहून फाइल जतन करा. ती ८१९३ बाइटांची होईल. ८१९२ च्या अ‍ॅरेने घ्या: पहिल्या खेपेत २७३० ‘म’ पूर्ण येतील आणि शेवटच्याचे २२४ व १६४ हे दोन बाइट, उरलेला १७४ एकटाच दुसऱ्या खेपेला येईल. दोन्ही खेपांची वेगवेगळी स्ट्रिंग करून छापली, की शेवटचा ‘म’ कुठेच सापडणार नाही.