नुसत्या वजनावर अंगणवाडीतलं कुपोषण कळतं का?

सातपुड्याची लेक: नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या पाड्यांवर मी सहा वर्षं काम केलं. नुसत्या वजनावरून पोराला "साधारण" ठरवणं बंद करा, असं माझं ठाम म्हणणं आहे. वयानुसार वजन बघायचं तर वय तरी पक्कं हवं ना? आई सांगते, "होळीनंतर झाला." सेविका अंदाजाने तारीख टाकते, आणि दोन-चार महिने इकडचे तिकडे झाले की पोराची श्रेणीच बदलते. उंचीनुसार वजन बघायला जन्मतारीख लागत नाही.

शहादेकर: ताई, उंचीच तर सगळ्यात जास्त चुकते. दोन वर्षांच्या आतलं पोर आडवं निजवून मोजायचं. ते रडतं, पाय आखडतं, उंची दीड-दोन सेंटीमीटर कमी भरते. कमी उंचीला तेच वजन पुरेसं दिसतं आणि लुकडं पोर यादीतून सुटतं. डोंगरात दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टीच बरी. सहा महिने ते पाच वर्षांचं पोर, डावा दंड, खांदा-कोपराच्या मधोमध, ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. आईलाही शिकवता येते.

सातपुड्याची लेक: पट्टी हवीच दादा, पण एकटी नको. पट्टी लहान, खुज्या पोरांना जास्त पकडते. थोडं मोठं, उंच, हाडकुळं पोर तिच्यातून निसटतं. म्हणून पट्टी आणि उंचीनुसार वजन, दोन्हींपैकी एकात सापडलं तरी तीव्र कुपोषित धरायचं. आणि सूज! एका मुलीचं वजन दर महिन्याला छान वाढत होतं, सगळे खूश. दोन्ही पावलांवर अंगठा दाबला तर खड्डे तसेच राहिले. ते वजन पाण्याचं होतं. त्या दिवसापासून मी काट्याआधी पाय बघते.

नवापूरचा रहिवासी: मोजण्यावर एवढा वाद कशाला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी, जवळपास २६ टक्के लुकडी निघाली. आणखी काय मोजायचं राहिलं? दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला जातात. फडात पोराच्या ताटात काय पडतं ते बघा. पैसा अंड्यांवर घाला, पट्ट्यांवर नको.

तळोद्याची नर्स: अंडी द्याच भाऊ. पण आपल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आहार चालू असूनही पोर वाढत नसेल तर रक्त तपासायला हवं. ते वाढत नाही, हे मोजल्याशिवाय कळणार कसं?

सातपुड्याची लेक: फडावर गेलेली पोरंच माझ्या डोक्यात आहेत. त्यांच्या नावापुढे "स्थलांतरित" लिहिलं की महिन्याच्या आकड्यातून ती गेली. मागे राहतात घरी बरं खाणारी, आणि पाडा सुधारल्यासारखा दिसतो. निघायच्या आधी मोजा, परतल्यावर आठवड्याच्या आत मोजा.

नवापूरचा रहिवासी: हे पटलं. पण परतलेल्यांना गाठणार कुठे? पाडे चार डोंगरांवर पसरलेले.

शहादेकर: भोंगऱ्या बाजाराला. होळीच्या आधी सगळे येतातच, पोरं कडेवर असतात. गर्दीत उंची जमणार नाही, पण पट्टी आणि पायाची सूज नक्की बघता येईल. लाल निघालेल्यांची उंची-वजनं दुसऱ्या दिवशी पाड्यावर.

सातपुड्याची लेक: पिवळ्यांचीही, म्हणजे मध्यम कुपोषितांची. आणि पावरी बोलणारी एक बाई सोबत हवी, नाहीतर आया पोर हातात देणार नाहीत.