मदत हवी आहे: दप्तरं की गाडीभाडं?

मंडळी, मी ह्यूस्टनला असते. शेजारच्या चर्चची ग्वाटेमालात सोलोलाकडच्या एका खेड्याशी भागीदारी आहे. हिशेब लिहायला कोणी नव्हतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

गावात शाळा सहावीपर्यंतच. पुढच्या तीन वर्षांच्या ‘बासिको’साठी पिकअपच्या हौद्यात उभं राहून खालच्या गावी जायचं, मुलींचं शिक्षण तिथेच थांबतं. आमचे लोक मात्र दरवर्षी ऑगस्टमध्ये दप्तरं पाठवतात. अहो, तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं! मला विचाराल तर दप्तरांऐवजी भाडं द्यावं.

पोरं घरी काकचिकेल ही माया भाषा बोलतात, आमचे स्वयंसेवक मोडकंतोडकं स्पॅनिश. तिकडे, किंवा ‘फे इ आलेग्रिया’सारख्या जेझुइटांच्या (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या) शाळांत कोणी काम केलंय का? पैसे पालकांच्या हाती द्यावेत की शाळेच्या? आणि पिकअपवाला पावती देतो का हो?