कर्नाटकातल्या सरकारी शाळेतल्या आपल्या मराठी मुली गप्प का होतात?

खानापूरकर:
परवा भाचीला घेऊन पीयूसीच्या, म्हणजे अकरावीच्या, प्रवेशाला गेलो. दहावीपर्यंत मराठी माध्यमाची सरकारी शाळा, घरात दिवसभर टकळी चालू. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "निम्म हेसरेनु?" म्हणजे नाव काय तुमचं. पोरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि माझ्याकडं बघितलं. शेवटी नाव मी सांगितलं. दहा वर्षं शाळा शिकून स्वतःचं नाव सांगता येऊ नये? कन्नड नुसती फळ्यावरून उतरवून घेतात, तोंडात बसतच नाही. पहिलीपासून बोलायला शिकवा. मराठी सोडा असं मी म्हणत नाही.

उचगावची लेक:
दादा, राग मानू नका. मी अशाच शाळेतली. हेसरु म्हणजे काय, हे तिला नक्की कळलं होतं. शेजारी मामा उभा होता म्हणून ती गप्प राहिली. नाव तिचं, प्रवेश तिचा, उत्तर तुमचं! आमच्याकडं भावासाठी इंग्लिश मिडियमची व्हॅन दारात यायची आणि मी पाण्याची घागर ठेवून चालत शाळेला. आपल्यावर किती खर्च करायचा हे घरानं ठरवलेलं पोरींना लवकर कळतं.

निवृत्त मास्तर:
कन्नड शिकवणं 2015 च्या कायद्यानं सगळ्या शाळांना बंधनकारक आहे, तेव्हा कन्नडचा तासच नाही असं म्हणता येत नाही. पण ताई, सगळं घरावर ढकलू नका, आम्हीही चुकलो. प्रार्थनेला प्रतिज्ञा मुलीच सांगायच्या, खणखणीत. वर्गात "तुला काय वाटतं?" असं मी किती वेळा विचारलं? उत्तर चुकलं की मुलं हसायची आणि मी हसू दिलं. ते मला आजही लागतं.

खानापूरकर:
मास्तर, तरी भाषेचा मुद्दा राहतोच. विज्ञान घेतलं तर पुढं सगळं इंग्रजीत, ऑफिसात कन्नड. दोन्हीकडं अडखळणारी पोर धीट कशी होणार?

उचगावची लेक:
अडखळत बोलूनच. जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साधी बस फुकट आहे. आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट तिचं तिला मागू द्या. मोडकंतोडकं कन्नड बोलली तर कंडक्टर काय खाणार आहे?

खानापूरकर:
सोमवारी दाखले द्यायला परत जायचंय. एकटी जातेस का म्हणून विचारलं. म्हणाली, "मामा, तुम्ही या, पण गेटाबाहेर थांबा."